जिन मूर्ख नाहीये, तो ऐकून घेत नाही (डिटेक्टिव्ह कोनान, भरपूर स्पॉयलर आहेत)

टीतान_पहिली_ब:

परवा एका ग्रुपवर परत तोच विषय निघाला, की डिटेक्टिव्ह कोनानमधला जिन हा आता कसला व्हिलन, तीस वर्षं झाली तरी त्याच्या नाकासमोर शिनइची कुदो पहिलीच्या पोराचं दप्तर घेऊन हिंडतोय आणि याला पत्ता नाही. तिथे लिहायला जागा पुरली नाही म्हणून इथे धागा काढतोय. ज्यांनी मांगा (जपानी कॉमिक) वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आओयामा गोशो यांची ही मालिका १९९४ च्या जानेवारीत शोनेन संडे साप्ताहिकात सुरू झाली, २०२१ मध्ये शंभरावा व्हॉल्यूम आला आणि अजून चालूच आहे. हायस्कूलमधला हुशार डिटेक्टिव्ह कुदो शिनइची हा ट्रॉपिकल लँड नावाच्या अम्युझमेंट पार्कमध्ये काळ्या कपड्यातल्या एका माणसाचा पैशांचा व्यवहार लपून बघत असतो, दुसरा मागून येऊन डोक्यात रॉड घालतो आणि त्याला एक गोळी खायला घालतो. गोळीने मरायच्या ऐवजी पोरगा लहान होतो, तोच कोनान. गोळी घालणारा म्हणजे जिन. लांब केस, काळा कोट, काळी हॅट, डावखुरा, काळी पोर्शे ३५६ए चालवतो. त्याच्या काळ्या संघटनेत सगळ्यांची नावं दारूवरून, म्हणून जिन, व्होडका, व्हर्मुथ, शेरी, रम वगैरे.

आता माझा मुद्दा. लोक म्हणतात जिनला अजून काही कळलं नाही म्हणजे लेखकाने त्याला मुद्दाम मठ्ठ ठेवलाय. मी म्हणतो तो अजिबात मठ्ठ नाही, फक्त तो कोणाचं ऐकून घेत नाही, आणि त्याला जे जे कळायला हवं होतं ते सगळं ऐकून घेण्यानेच कळणार होतं.

बघा ना. चोविसाव्या व्हॉल्यूममधली हायदो हॉटेलची केस घ्या. पिस्को हा संघटनेचा जुना म्हातारा सभासद, शेरीला म्हणजे आपल्या हायबाराला (ती गोळी बनवणारी, आता स्वतःही लहान झालेली) ती तान्ही असल्यापासून ओळखणारा, त्यामुळे समोरची लहान पोरगी कोण हे त्याला बघितल्या बघितल्या कळतं. म्हणजे गोळीने माणूस लहान होतो हे संपूर्ण सिरीजमधलं सगळ्यात मोठं गुपित त्या म्हाताऱ्याच्या हातात असतं. आणि जिन काय करतो? पिस्को एकाचा खून करत असतानाचा फोटो निघालेला असतो, वरून हुकूम आलेला असतो, तो त्याला तिथेच गोळी घालतो. म्हाताऱ्याच्या तोंडात शब्द असतात आणि ते तोंडातच राहतात.

मग २००९ चा तेरावा सिनेमा. आयरिश हा पिस्कोला वडलांसारखं मानणारा, तो शोधून काढतो की कोनान म्हणजेच कुदो. जिन त्याच्यावर गोळी झाडायला लावतो. मग २०२३ चा सव्विसावा सिनेमा, पिंगा, त्यालाही कळतं, आणि तो ज्या पाणबुडीतून पळणार असतो तीच जिन उडवतो. तीन वेळा गुपित त्याच्या दारापर्यंत आलं आणि तिन्ही वेळा याने आणणाऱ्यालाच मारलं. एकदा घडलं तर योगायोग म्हणू, तीनदा घडलं तर तो त्या माणसाचा स्वभाव आहे.

आणि हा माणूस स्वतःच सांगतो की मी ज्यांना मारतो त्यांची नावं आणि चेहरे मी विसरतो. लोक ते वाक्य कूल म्हणून स्टेटसला ठेवतात. मला ते वाचून दर वेळी पोटात कसंतरी होतं, कारण त्या एका वाक्यात त्याचं क्रौर्य पण आहे आणि तो का हरणार ते पण आहे. मेलेल्या माणसाचं नाव लक्षात ठेवायची ज्याला गरज वाटत नाही, त्याला तो मेलेला माणूस परत समोर आला तरी ओळखू कसा येणार.

मला तरी गेल्या तीस वर्षांतला इतका नीट बांधलेला खलनायक दुसरा दिसत नाही. मारा दगड आता.

पोर्शेवाला:

+१००. त्या पोर्शेसाठीच मी ही सिरीज धरली. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

शेरलॉक_सदाशिवपेठी:

असहमत, आणि चांगलाच असहमत. धागा मनापासून लिहिलाय त्यामुळे मी पण मनापासून लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या तीन उदाहरणांतली दोन सिनेमातली आहेत. सिनेमाचा नियमच असतो की शेवटी सगळं होतं तसं ठेवायचं, म्हणजे ज्याला गुपित कळलं तो मेलाच पाहिजे, कारण पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात मांगा तिथूनच पुढे चालू राहणार आहे. आयरिशला मारायला जिन नसता तर व्होडकाने मारलं असतं नाहीतर तो इमारतीवरून पडला असता. हा जिनचा स्वभाव नाही, ही लेखकाची सोय आहे. सोयीला तुम्ही स्वभाव म्हणताय.

दुसरं, व्हिलन म्हणजे ज्याची भीती वाटते तो. मला शेवटची जिनची भीती कधी वाटली सांगू? अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासाव्या व्हॉल्यूमच्या आसपास, जेव्हा तो मोरीच्या (कोनान ज्याच्याकडे राहतो तो डिटेक्टिव्ह) ऑफिससमोरच्या गच्चीवर चिआंती आणि कोर्न या संघटनेच्या स्नायपरना घेऊन उभा राहतो आणि कोनानने लावलेला मायक्रोफोन त्याला सापडलेला असतो. आणि त्या सीनचा शेवट काय? एफबीआयचा स्नायपर आकाई लांबून गोळी मारतो, याच्या डाव्या डोळ्याखाली जखम होते, हा गाडीत बसून जातो. तिथून पुढे जिन म्हणजे दर वर्षी सिनेमात येऊन काहीतरी उडवणारा माणूस. २०१६ च्या सिनेमात तर तो ऑस्प्रे विमानात बसून आकाशपाळण्यावर गोळ्या झाडतो. गुपचूप काम करणारी संघटना म्हणायची आणि अख्ख्या शहरादेखत मशीनगन चालवायची. पहिल्या चॅप्टरमधला जिन आसपास पोलीस आहेत म्हणून साधं पिस्तूल काढत नाही, विष वापरतो. हे दोन्ही एकच माणूस आहेत असं मला कोणी पटवून द्या.

हायबाराची_ताई:

सदाशिवपेठी, तुमचा ऑस्प्रेचा मुद्दा मान्य, तो सिनेमा मलाही त्या बाबतीत झेपला नाही. पण "सोय" म्हणून सगळं झटकू नका. पिस्को मांगामधला आहे ना? पूर्णपणे आओयामांचा. आणि पिस्को १९९९ च्या सुमाराचा आहे, सिनेमावाल्यांनी ती कल्पना त्याच्यावरून उचलली आहे. म्हणजे आधी स्वभाव लिहिला गेला आणि मग त्याची सोय झाली, उलटं नाही.

आणि मला त्याच केसमधल्या गच्चीबद्दल लिहायचंय, कारण जिन मठ्ठ आहे म्हणणाऱ्यांनी ती केस परत वाचावी असं मला फार वाटतं. हायबाराला पिस्कोने दारूच्या कोठीत कोंडलेलं असतं. कोनान तिला तिथली पाइकारू नावाची चिनी दारू प्यायला सांगतो, तिला आधीच सर्दी झालेली असते, त्या दारूने ती थोड्या वेळापुरती परत मोठी होते आणि धुराड्यातून वर चढते. जिन त्या खोलीत येतो आणि त्याला काय सापडतं, एक केस. एक लालसर तपकिरी केस. त्यावरून तो ओळखतो की ही शेरी. आणि तो धुराड्यात हात घालून ओढत नाही, आरडाओरडा करत नाही, तो शांतपणे वर गच्चीवर जाऊन तिची वाट बघत बसतो, बर्फ पडतोय, आणि ती धापा टाकत बाहेर येते तेव्हा तो तिथे आधीच आहे.

मग तो तिला एका गोळीत मारत नाही. एक गोळी, मग थांबतो, मग दुसरी. पांढऱ्या बर्फावर तिच्या रक्ताचे थेंब. मांगा काळीपांढरी असते तरी ते पान माझ्या आठवणीत लालच आहे. कोनान मागून गुंगीची सुई मारतो तर हा झोप येऊ नये म्हणून स्वतःच्याच हातावर गोळी झाडतो. स्वतःच्या हातावर! मी तेव्हा बारावीत होते, रात्री वाचून झोपले नव्हते.

जो माणूस एका केसावरून माणूस ओळखतो तो मठ्ठ कसा असेल. धागाकर्त्याचं बरोबर आहे. वस्तू त्याला वाचता येतात, माणसं वाचता येत नाहीत.

मोरीचा_भाडेकरू:

तुम्ही सगळे एक विसरताय. जिनला कळलं नाही याचं मुख्य कारण हायबारा स्वतः आहे. अठराव्या व्हॉल्यूममध्ये ती सांगते ना, संघटनेने कुदोच्या घराची दोनदा झडती घेतली, दुसऱ्या वेळी तिला दिसलं की शिनइचीचे लहानपणचे कपडे कपाटातून गायब आहेत. तिने प्रयोगात एक उंदीर लहान झालेला बघितला होता, त्यामुळे तिच्या डोक्यात लगेच ट्यूब पेटली. आणि तिने काय केलं, यादीत त्याच्या नावापुढे "माहीत नाही" असं होतं ते बदलून "मृत" असं केलं. म्हणजे ज्या बाईने औषध बनवलं तिनेच कागदावर मेला म्हणून लिहिलंय. यात जिनचा काय दोष? तुमच्या ऑफिसात लॅबचा रिपोर्ट आला तर तुम्ही परत जाऊन स्मशानात बघून येता का?

शेरलॉक_सदाशिवपेठी:

मोरीचा भाडेकरू, हाच तर माझा मुद्दा आहे. त्याने स्वतः तिथे थांबून बघायला हवं होतं. माणसांवर तपासलेलं नसलेलं औषध पाजतो आणि परिणाम न बघता निघून जातो. मुरलेला मारेकरी असं करतो?

मोरीचा_भाडेकरू:

पार्कमध्ये त्याच संध्याकाळी रोलर कोस्टरवर खून झालेला, पोलीस अजून तिथेच होते. थांबला असता तर पकडला गेला असता. बरं त्या कोस्टरवर जिन आणि व्होडका स्वतः बसलेले होते, शिनइचीने त्याचे डोळे तेव्हाच बघितले होते आणि त्याला वाटलंही होतं की हे बेधडक माणसं मारणाऱ्याचे डोळे आहेत. मला आवडतं ते हे, की दोघांनी एकमेकांना बघितलं पण लक्षात एकानेच ठेवलं.

टीतान_पहिली_ब:

भाडेकरू, ते शेवटचं वाक्य मी धाग्यात लिहायला हवं होतं. धन्यवाद.

सदाशिवपेठींना उत्तर. सोय आणि स्वभाव यातला फरक मला असा वाटतो की सोय एकदाच वापरता येते, स्वभावाला मात्र मागचापुढचा आधार लागतो. जिनचं "ऐकून न घेणं" पिस्कोच्याही आधी आहे, दुसऱ्या व्हॉल्यूमपासून. मियानो आकेमी. हायबाराची मोठी बहीण. तिला सांगितलेलं असतं की दहा ओकू येनची, म्हणजे आपल्या हिशेबात शंभर कोटी येनची लूट करून दे, मग तुला आणि तुझ्या बहिणीला संघटनेतून सोडतो. ती करून देते. गोदीवर ती जिनला भेटते आणि म्हणते आधी बहीण आणा, मग पैसे कुठे आहेत ते सांगते. जिन म्हणतो ते जमणार नाही, ती डोकेबाज आहे, संघटनेला हवी आहे. आणि गोळी.

आता इथे बघा, त्याला पैसे कुठे आहेत हेसुद्धा नीट कळलेलं नाही! शंभर कोटींसाठी जो माणूस आला तो पूर्ण ऐकायच्या आधी गोळी घालतो. आणि त्यानंतर पळत पळत तिथे कोण येतो, कोनान. तो तिच्याजवळ बसतो. ती मरता मरता त्याला सगळं सांगते, काळी संघटना, सुटकेस हॉटेलच्या काउंटरवर ठेवलीय, सगळं. तो कोण म्हणून विचारते तेव्हा तो तिला आपलं खरं नाव सांगतो, कुदो शिनइची, डिटेक्टिव्ह. जे नाव तो रानला, त्याच्या लहानपणच्या मैत्रिणीला सांगत नाही, सहसा कोणालाच सांगत नाही, ते तो एका मरणाऱ्या अनोळखी बाईला सांगतो.

म्हणजे एकाच गोदीवर, काही मिनिटांच्या अंतराने दोघेजण तिच्यापुढे येऊन जातात. एकाला पैसे पाहिजे होते, तो ऐकायला थांबला नाही. दुसऱ्याला काहीच नको होतं, त्याला सगळं कळलं. हे आओयामांनी दुसऱ्याच व्हॉल्यूममध्ये लिहून ठेवलंय, सिनेमे यायच्या कितीतरी आधी.

कोकणकडा:

मी सिरीज अर्धीच वाचलीय पण एक लिहितो. माझ्या आधीच्या नोकरीत असा एक साहेब होता. खून वगैरे नाही अर्थात, पण वाईट बातमी घेऊन जो केबिनमध्ये जाईल त्यालाच झाडायचा, मग हळूहळू काय झालं की कोणी काही सांगेचना. एक मशीन तीन आठवडे चुकीचं माप काढत होतं, खाली प्रत्येकाला माहीत होतं, पोरं चहाच्या टपरीवर त्यावर बोलायची आणि साहेबाच्या टेबलावर रोज "सगळं ठीक" असा कागद जायचा. शेवटी गिऱ्हाइकाकडून माल परत आला तेव्हा त्याला कळलं, आणि तेव्हाही त्याने पहिलं काय केलं तर ज्या पोराने फोन घेतला त्याला काढलं. त्या पोराने दोन दिवस आधीच वहीत चुकीचं माप लिहून ठेवलं होतं, मी ती वही बघितलीय, पेन्सिलने खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

साहेब हुशार होता, ड्रॉइंग बघून चूक सांगायचा दोन मिनिटांत. त्यामुळे धागाकर्त्याचं म्हणणं मला पटतं, अशी माणसं असतात.

व्हर्मुथ_फॅन_पुणे:

कोकणकडा यांचा प्रतिसाद वाचून माझा मुद्दा अजून पक्का झाला, आणि तो असा की मग खरी व्हिलन व्हर्मुथ आहे, जिन नाही. तिला सगळं माहीत आहे. कोनान कोण, हायबारा कोण, सगळं. बेचाळिसाव्या व्हॉल्यूमच्या त्या पौर्णिमेच्या रात्रीच्या केसनंतर तिने ते कोणालाही सांगितलेलं नाही. ती त्याच संघटनेत बसते, जिनच्या त्याच गाडीतून फिरते, आणि गप्प राहते. का, तर न्यूयॉर्कमध्ये शिनइची आणि रानने तिचा जीव वाचवला होता, ती अनोळखी खुनी आहे हे माहीत नसताना नव्हे, पिस्तूल रोखलेलं असताना. तिला राग, माया, अपराध सगळं आहे. एफबीआयच्या जोडी स्टार्लिंगच्या बापाला मारणारी पण तीच. असं गुंतागुंतीचं पात्र समोर असताना तुम्ही जिनला "सगळ्यात नीट बांधलेला" म्हणता? त्याला भूतकाळच नाही. त्याचं खरं नाव गोष्टीत कुठे येत नाही, तो संघटनेत कसा आला माहीत नाही, त्याला कोण आवडतं माहीत नाही. तो पात्र नाहीच, तो एक कोट आहे.

हायबाराची_ताई:

मला ते नसणंच बरोबर वाटतं गं. आजकाल प्रत्येक व्हिलनला एक रडकी फ्लॅशबॅक देतात, लहानपणी आई गेली, गावाने छळलं, मग आपण त्याच्यासाठी रडायचं आणि त्याने ज्यांना मारलं ते राहतात बाजूला. आकेमीचा फ्लॅशबॅक आपल्याला मिळतो, अगदी थोडा थोडा, तुकड्या तुकड्यांत, आकाई तिला कसा भेटला, ती बहिणीला कशी फोन करायची. आणि जिनचा मिळत नाही. हे मला फार योग्य वाटतं. ज्याला मारलं त्याची आठवण गोष्टीने ठेवली, मारणाऱ्याची नाही ठेवली.

व्हर्मुथ मलाही आवडते पण ती मला व्हिलन वाटतच नाही आता. ज्या दिवशी तिने कोनानचं गुपित झाकलं त्या दिवशी ती आपल्या बाजूला आली, अर्धी का होईना. हायबाराला मात्र ती पुढे ट्रेनच्या केसमध्येही मारायलाच निघाली होती हेही खरं, त्यामुळे अर्धीच म्हणते. पण हायबारा स्वप्नात कोणाला बघून दचकते? जिनला. पोर्शे दिसली की तिचे हात थरथरतात. व्हर्मुथचा वास आला तरी घाबरते, पण जिन म्हणजे तिच्यासाठी मरण.

व्हर्मुथ_फॅन_पुणे:

मला तुझा पहिला परिच्छेद पटला. दुसरा नाही. व्हर्मुथ आपल्या बाजूला आली असं मला नाही वाटत, ती फक्त दोन माणसांच्या बाजूला आली, बाकी जग तिच्यासाठी आहे तसंच आहे. आणि तेच जास्त भयानक आहे. जिन सगळ्यांशी सारखाच वाईट. ती निवडते.

पोर्शेवाला:

रात्री लिहितो म्हणालो होतो, तर आलो. मला सदाशिवपेठींच्या "मुरलेला मारेकरी असं करतो का" वर बोलायचंय. जिन तपासत नाही असं नाहीये. आकाईच्या वेळी बघा. संघटनेतल्या किरला सांगतो आकाईला मार, तिच्या गळ्यात कॅमेरा, हा गाडीत बसून लाइव्ह बघतोय, छातीत गोळी लागली तर म्हणतो एवढ्यावर थांबू नको, डोक्यात घाल. ती घालते. गाडी पेटते. नंतर पोलिसांनीही ठशांवरून सांगितलं की प्रेत आकाईचंच. आता यापेक्षा जास्त काय तपासणार माणूस? तरी आकाई जिवंत, कारण कोनानने आधीच सगळं रचलेलं, प्रेत कुसुदा रिकुमिचीचं, जो संघटनेचाच माणूस होता, आणि फोनवर जे ठसे आकाईचे म्हणून घेतले ते खरं कुसुदाचे. म्हणजे जिन चुकला नाही, तो हरला. चुकणं वेगळं आणि हरणं वेगळं. समोर कोनान असेल तर हरणारच ना.

शेरलॉक_सदाशिवपेठी:

हे चांगलं मांडलंत, पण बघा तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. आकाई मेला नाही ही शंका कोणाला आली? संघटनेतल्याच बर्बनला. जिनला नाही. कुदो शिनइचीबद्दल कोणी विचारणा केली? क्योटोच्या सहलीनंतर, जेव्हा शिनइची जिवंत असल्याची बातमी फुटली, तेव्हा रमचा मेसेज बर्बनला येतो की कुदोची माहिती दे. रमने विचारलं. ज्याने स्वतःच्या हाताने गोळी पाजली त्या जिनने नाही. म्हणजे संघटनेत डोकं चालवणारे वेगळे आणि जिन फक्त हात. मग त्याला सिरीजचा मुख्य व्हिलन म्हणायचं कशाला? बॉस कारासुमा रेन्या, डोकं रम, आणि जिन म्हणजे हत्यार. हत्याराला कोणी व्हिलन म्हणत नाही.

टीतान_पहिली_ब:

सदाशिवपेठी, रमचा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. रम विचारतो, कारण त्याला कुतूहल आहे. जिनला कुतूहलच नाही. अडतिसाव्या व्हॉल्यूममध्ये स्टेशनवर कोनान कॉइन लॉकरमध्ये दबा धरून बसलाय आणि जिनला संशय येतो, तो अगदी लॉकरपाशी येतो. त्याचं नाक बरोबर जागी पोचलेलं असतं. आणि एवढ्याशा जागेत माणूस कसा मावेल म्हणून तो फिरतो. मूल मावेल हा विचार त्याला शिवत नाही, कारण मूल म्हणजे त्याच्या लेखी कोणी नाहीच. हायबारा लहान झाली हे पिस्कोला कळलं कारण पिस्कोने तिला तान्हेपणी बघितलं होतं, ते लक्षात ठेवलं होतं. पिस्कोसुद्धा खुनीच आहे पण त्याला एका बाळाचा चेहरा आठवत होता.

हत्याराला व्हिलन म्हणत नाहीत हे मात्र मला मान्य नाही. बॉसचं नाव आपल्याला २०१७ च्या शेवटी कळलं, हजाराच्या वर चॅप्टर होऊन गेल्यावर. कारासुमाने आकेमीला बघितलंही नसेल. गोदीवर कोण उभा होता? गोळी कोणी घातली? हुकूम देणारा मोठा गुन्हेगार असतो हे खरं, पण म्हणून ज्याने ट्रिगर ओढला तो नुसतं हत्यार होत नाही, त्याला बोट आहे, त्याला डोळे आहेत, समोरची बाई काय म्हणत होती ते त्याच्या कानावर पडत होतं.

निळावंती:

मी पहिल्यांदाच इथे लिहितेय, वाचत मात्र रोज असते. माझ्या धाकट्या बहिणीने मला ही मांगा लावली, ती नागपूरला असते, मी दुबईत. आम्ही फोनवर एकेक केस वाचून भांडायचो. अठराव्या व्हॉल्यूमपर्यंत पोचलो तेव्हा ते पान आलं जिथे हायबारा कोनानच्या छातीवर डोकं ठेवून रडते आणि विचारते, तू एवढा हुशार डिटेक्टिव्ह आहेस तर माझ्या ताईला का नाही वाचवलंस. तोपर्यंत ती इतकी थंड, इतकी टोचून बोलणारी, आणि अचानक ते. फोनवर आम्ही दोघी गप्प बसलो होतो बराच वेळ. मग बहीण म्हणाली, तू परत ये ना.

म्हणून मला जिन हुशार का मठ्ठ यात रस नाही. पण वरती कोणी म्हणालं की तो व्हिलन नाही, हत्यार आहे, ते वाचून राहवलं नाही. मला तो सगळ्यात जास्त व्हिलन वाटतो कारण मी आकेमीच्या जागी स्वतःला बघू शकते. मोठी बहीण आहे मी. धाकटीला आण, मग सांगते, असं मी पण म्हटलं असतं.

शेरलॉक_सदाशिवपेठी:

निळावंती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हत्यार हा शब्द मी मागे घेतो.

बाकी माझं म्हणणं तेच आहे, नंतरच्या वर्षांत जिनला वाया घालवलाय. पण मला आता शेवट कसा हवा ते तुमच्यामुळे कळलं. इतके दिवस मला वाटायचं आकाईने त्याला मारावं, स्नायपर विरुद्ध पिस्तूल, डोळ्याखालची ती खूण आहेच, सगळे तेच धरून बसलेत. ते नको. त्याला जिवंत पकडावं. टेबलापलीकडे हायबारा बसलेली असावी, लहान का मोठी ते आओयामांनी ठरवावं. आणि तिने त्याला एकच विचारावं, माझ्या बहिणीचं नाव काय होतं.

हायबाराची_ताई:

आणि त्याला आठवू नये.

शेरलॉक_सदाशिवपेठी:

हो. आणि मग ती त्याला ते नाव सांगेल.

मोरीचा_भाडेकरू:

दुसरा व्हॉल्यूम माझ्या भावाने नेलाय, आज संध्याकाळी जाऊन घेऊन येतो. गोदीचं पान परत बघायचंय.